काळी स्कॉर्पिओ कुणालाच का घाबरवत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही खानापूर-जांबोटी भागात घडणारी आठ भागांची गुन्हेगारी मालिका लिहिताय. सावकारी करणारी आणि गोव्याची दारू चोरून आणणारी एक टोळी आहे. तिच्या म्होरक्याची काळी स्कॉर्पिओ दिसली की प्रेक्षकाच्या पोटात गोळा यावा, अशी तुमची इच्छा आहे. पहिल्या भागात ती धुरळा उडवत गावात शिरते, काच खाली होते, आत गॉगल घातलेला माणूस. ज्यांना ज्यांना वाचायला दिलंत ते म्हणाले, "हे आधी बघितलंय." म्हणून तुम्ही विचारता: गाडी कुठली घ्यावी, किती वेळा दाखवावी आणि शेवटी ती जाळावी का?

मी बेळगावात वाढलो, आधी नाटकं आणि गेली वीस वर्षं पटकथा लिहितो. त्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांच्या गोष्टी. माझ्या अनुभवावरून सांगतो, नुसती गाडी बदलून हे सुटणार नाही. उद्या स्कॉर्पिओच्या जागी फॉर्च्युनर लिहिलीत तरी वाचणारा तेच म्हणेल. तुमच्या सीनमध्ये गाडीकडे बघणारं कुणीच नाही, ही अडचण आहे. गाडी येते, कॅमेरा तिच्याकडे बघतो आणि गाव मात्र मागे पडद्यासारखं उभं. ती गाडी आल्यावर कोण काय करायचं थांबतं, ते तुम्ही एका ओळीतही लिहिलेलं नाही.

मला हे कुठून कळलं ते सांगतो. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. गावाचं नाव घेत नाही, कारण त्या सावकाराची नातवंडं आज तिथेच राहतात आणि त्यांचा यात काही दोष नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वीज होती, पण रात्री बहुतेक वेळा गेलेलीच असायची. जेवणं चालू असताना लांबच्या उतारावर एका जीपचा आवाज यायचा. उतार संपला की ड्रायव्हर गिअर बदलायचा, इंजिन एकदा गुरगुरायचं आणि मग क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही. तेवढ्यात आजी उष्ट्या हातानंच उठायची आणि कंदिलाची वात खाली करायची. आजोबा सोप्यातल्या चपला उचलून आत घ्यायचे. मला वाटायचं, कुत्री पळवतात म्हणून. पुष्कळ वर्षांनी आईनं सांगितलं: दारातल्या चपला मोजल्या की घरात पुरुष किती आहेत ते बाहेरच्याला कळतं. शेजारी कानडी बोलायचे. तिकडून दबका आवाज यायचा, "गाडी बंतु." आमच्याकडे मोठी मावशी म्हणायची, "गाडी येऊल्या." कुणाची गाडी, हे दोन्ही घरांत कुणी उच्चारत नसे. खानापूरची बस यायची, दुधाचा टेम्पो यायचा, त्यांना त्यांची नावं होती. नुसती 'गाडी' म्हटली की ती हीच.

एकदा मी ती जीप दिवसाउजेडी पाहिली. हूड फाटलेलं, त्याला ताडपत्रीचं ठिगळ, एका बाजूचा आरसा सुतळीनं बांधलेला. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा होतो. रात्री आमच्या घरातला उजेड कमी करणारी ती हीच, यावर माझा विश्वास बसेना.

म्हणून पहिली सूचना अशी की पहिल्या भागात गाडी दाखवूच नका. तिच्या आधी येणारं सगळं दाखवा. किराणा दुकानदार उधारीची वही गल्ल्याखालून काढून दुसरीकडे ठेवतो. पारावरची गप्पा मारणारी माणसं उठत नाहीत, पण बोलणं एकदम पावसावर येतं. शाळेतून येणारी पोरगी सायकलवरून उतरते आणि सायकल हातात धरून चालायला लागते. प्रत्येकाचं काम वेगळं असू द्या, कारण प्रत्येकाचं त्या माणसाशी देणंघेणं वेगळं आहे. सगळ्यांनी धावत जाऊन दारं लावली की ते नाटकी होतं. खरा घाबरलेला माणूस आपण घाबरलोय हे दिसू नये म्हणून धडपडत असतो.

आता गाडी कुठली. हे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या तुम्ही प्रश्नात सांगितलेल्या नाहीत, त्यामुळे मी अंदाजानं बोलतोय. पहिली गोष्ट काळ. तुमची कथा १९९८ मधली असेल तर स्कॉर्पिओ येऊच शकत नाही. ती २००२ ला आली, बोलेरो २००० ला. त्या काळात सुमो चालेल, ती १९९४ ची. ट्रॅक्स चालेल, ॲम्बॅसडर चालेल, हूडची जीप तर चालेलच. काळ्या काचांचंही तसंच. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या काचांना काळी फिल्म लावायला मनाई केली. म्हणजे २००५ च्या गोष्टीत काळ्या काचा ही नुसती हौस असू शकते. तीच गाडी २०२० च्या गोष्टीत काळ्या काचा लावून पोलीस चौकीसमोरून निवांत जाते, तेव्हा या माणसाला कुणी अडवत नाही ही माहिती एकही संवाद न लिहिता प्रेक्षकाला मिळते. लाल दिव्याचं तेच. १ मे २०१७ नंतर मंत्र्यांच्या गाडीवरूनही तो गेला. आणि दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड यांवर लक्ष ठेवा. 'बेळगावी' हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं आहे. आपल्याकडचा प्रेक्षक हे सगळ्यात आधी पकडतो.

दुसरी गोष्ट, हा माणूस पोट कशावर भरतो. वसुलीला गल्लीबोळांत फिरणारा असेल तर लांबरुंद गाडी त्याच्या कामाची नाही. चोर्ल्याच्या रस्त्यानं माल आणणारा असेल तर त्याला पिकअप लागेल, हौद्यावर ताडपत्री बांधलेला. ताडपत्रीखाली काय आहे हे न दिसणं तुम्हाला फुकटात मिळतं, आणि दगडी रस्त्यावर फाळक्याची साखळी जी वाजते ती वेगळीच.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: तीच गाडी तुम्हाला शेवटच्या दिवसापर्यंत मिळाली पाहिजे. एका मालिकेत आमच्या गाडीच्या मालकानं शूटिंगच्या मध्येच ती विकली. दुसरी आणली, तर रंगाची छटा वेगळी आणि सीटचं कापड वेगळं. चार सीन पुन्हा करावे लागले. दुर्मीळ गाडीच्या मोहात पडू नका.

माझं मत विचाराल तर पांढरी बोलेरो. कारण सांगतो. आपल्या भागात पांढरी बोलेरो कोण वापरत नाही? वनखातं, पोलीस, कंत्राटदार, पंचायतीचा सदस्य, वसुलीवाले, सगळेच. त्यामुळे वळणावर ती दिसली की गावातला माणूस मनात यादी करायला लागतो: साहेब आले की दुसरे कुणी? काळी स्कॉर्पिओ आली की सगळ्यांना लगेच कळतं की खलनायक आला. पांढरी बोलेरो आली की कळत नाही, आणि ते न कळण्याचे चार-पाच सेकंद म्हणजेच तुमचा सीन. शिवाय एकदा प्रेक्षकाला तिची सवय लागली की रस्त्यावरची प्रत्येक पांढरी बोलेरो तो संशयानं बघतो. तुम्ही न दाखवताही ती सगळीकडे असते.

पण तिला एक खूण द्या, आणि ती खूण रात्रीची असू द्या. आम्ही एकदा असं केलं होतं: गाडीच्या डाव्या हेडलाइटचा बल्ब पिवळा, उजव्याचा नवा, पांढरा. कुणीतरी एकच बदलला, इतकं साधं. दिवसा ते लक्षातही येत नाही. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे पावसाळ्यात धुकं असतं, त्या धुक्यात मात्र गाडीच्या आधी ते दोन रंगांचे गोळे दिसतात, एक आजारी आणि एक थंड. तिसऱ्या भागापर्यंत आम्हाला गाडी दाखवायची गरजच उरली नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून एक पिवळा आणि एक पांढरा पट्टा सरकत गेला की पुरे.

नंबर प्लेटबद्दल जरा थांबून बोलतो, कारण हे फक्त आपल्या भागाचं आहे आणि बाहेरच्या लेखकाला ते सुचणार नाही. इकडे गाडी दिसली की माणूस आधी पासिंग वाचतो. केए २२ बेळगाव, केए २३ चिक्कोडी, केए ४९ गोकाक, एमएच ०९ कोल्हापूर, जीए म्हणजे गोवा. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस नकळत हे वाचत असतो. खानापूरच्या आडगावात रात्री अकराला एमएच ०९ का? शिनोळीच्या अलीकडे केए २२ रोजच्याच, पण चंदगडच्या आतल्या गावात तीच गाडी तीन दिवस का उभी? प्रश्न पडतो, आणि तुम्हाला प्रेक्षकाला जे द्यायचंय ते हेच. स्टीव्हन स्पिलबर्गच्या १९७१ च्या 'ड्यूएल' या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटात मोटारीचा पाठलाग करणाऱ्या ट्रकच्या पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या पाट्या ठोकलेल्या आहेत. कुणी त्याबद्दल बोलत नाही. हा ट्रक आधी कुठे कुठे जाऊन आलाय, आणि तिथे काय झालं असेल, हे आपण आपल्या मनाशी जुळवतो. त्याच्या ड्रायव्हरचे हात आणि बूट दिसतात, चेहरा धड कधीच दिसत नाही. तुमच्या पहिल्या सीनमधली खाली होणारी काच त्यासाठीच काढून टाका. चेहरा दिसला की भीतीला माप मिळतं.

मात्र एक कळकळीची विनंती. खलनायकाला पासिंगवरून राज्य देऊ नका. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, त्या दिवसांत दोन्हीकडच्या बसफेऱ्या थांबल्या. आपल्याकडे अशी वेळ आली की लग्नाला निघालेलं वऱ्हाडसुद्धा नाक्यावर अडकतं. तुमच्या दुष्टाची गाडी एमएच असेल तर एक अर्थ निघेल, केए असेल तर दुसरा, आणि तुमची सावकारीची गोष्ट त्याखाली दबून जाईल. मी असतो तर प्लेटवरची पहिली अक्षरं चिखलानं भरलेली ठेवली असती आणि शेवटचे दोन आकडे तेवढे दिसू दिले असते. गाव आकड्यांवरून ओळखतं, प्रेक्षकही ओळखेल, आणि 'कुठली गाडी' हा प्रश्न उघडा राहील. एखाद्या पात्रानं तो चिखल बोटानं पुसायला जावं आणि मधेच हात मागे घ्यावा, एवढा एक सीन जरूर लिहा. शूटिंगची खोटी प्लेट सार्वजनिक रस्त्यावर लावून गाडी चालवू नका, गुन्हा आहे तो. खासगी जागेत लावा, शॉट झाला की काढा, आणि रस्त्यावरच्या शॉटसाठी आधी पोलिसांची परवानगी घ्या. कुणाचा खरा नंबर तर चुकूनही वापरू नका.

आवाजाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण माझ्या लेखी निम्मी गाडी आवाजातच असते. मागच्या एका कामात आमची गाडी ओम्नी होती. १९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेली ही व्हॅन हिंदी सिनेमानं अपहरणाची गाडी करून टाकली. बेळगावात मात्र टिळकवाडी-शहापूरच्या पोरांना ती शाळेत पोचवायची. आम्ही हे दोन्ही वापरायचं ठरवलं. शूटिंगच्या आदल्या दिवशी कुणीतरी चांगल्या मनानं दाराच्या रेलला ग्रीस लावलं. दार लोण्यासारखं सरकलं आणि सीन मेला. मग उद्यमबागेतल्या एका गोडाउनात दुसरी, जुनी व्हॅन आणून नुसतं दार रेकॉर्ड केलं. आजूबाजूच्या फाउंड्र्यांची धडधड ध्वनिमुद्रणात येत होती म्हणून रविवारच्या रात्रीची वाट बघितली. तेव्हा मन लावून ऐकलं, तर त्या दारात एक आवाज नव्हताच. आधी हँडलची खट्ट, मग रेलवरची लांब खर्रर, आणि शेवटी आदळल्याचा दणका. पहिल्या भागात सकाळी मुलं चढतात तेव्हा आम्ही सगळं ऐकवलं, वर पोरांचा गलबला. पाचव्या भागात काळोख्या पडद्यावर फक्त 'खट्ट' ऐकवलं. बस, एवढंच. बघताना माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाशी धरला, ते मला अजून आठवतं. बोलेरोचं डिझेल इंजिन, सेल मारल्यावर लागणारा पहिला झटका, बंद केल्यावर थंड होणाऱ्या पत्र्याची टिकटिक, हे सगळं गाडीजवळ बसून ऐका आणि पटकथेतच लिहा. आवाज करणाऱ्यावर सोडू नका.

किती वेळा दाखवावी? आठ भागांत संपूर्ण गाडी मी तीनदा, फार तर चारदा दाखवेन. बाकी वेळा तिच्या खुणा. दोन तुम्हाला देऊन टाकतो, खुशाल वापरा. एक, ती ओव्हरटेक करत नाही. तुमच्या नायकाला हंगामात, नोव्हेंबरनंतर, संकेश्वर-निपाणीकडे पाठवा. रात्री उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्ता भरून चाललेले असतात, स्पीकरवर गाणी, मागे लाल दिवा असला तर नशीब. नायक एका ट्रॅक्टरमागे अडकतो. आरशात पिवळा आणि पांढरा दिवा. तो हात बाहेर काढून पुढे जा म्हणून खुणावतो. दिवे तिथेच राहतात. पुढे ट्रॅक्टर कारखान्याच्या फाट्याला वळतो, रस्ता मोकळा होतो, आणि दिवे तरीही तितक्याच अंतरावर. पाठलाग करणाऱ्या गाडीपेक्षा पुढे जाता येत असून न जाणारी गाडी जास्त छळते. बघणाऱ्याला तिचा हेतू कळत नाही, आणि हातात करण्यासारखंही काही नसतं.

दुसरी खूण पावसाची. रात्रभर पाऊस पडलाय. सकाळी नायकाची बायको दार उघडून सडा घालायला बाहेर येते. सगळा रस्ता ओला, आणि समोरच्या चिंचेखाली गाडीच्या आकाराचा एक कोरडा चौकोन. म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून ती तिथे उभी होती आणि आत्ता, दोनचार मिनिटांपूर्वीच गेली. ती बादली खाली ठेवते. त्या चौकोनावर पहिले थेंब पडायला लागतात. संवाद नको, पार्श्वसंगीत नको. हा शॉट मिळवायला आम्हाला दोन पहाटा लागल्या, कारण कोरडा चौकोन फार लवकर ओला होतो. गाडी हलवण्याआधी कॅमेरा लावून तयार ठेवा.

राहिला जाळण्याचा प्रश्न. जाळू नका. खर्चाचं, धोक्याचं आणि परवानग्यांचं काम आहे, पण ते बाजूला ठेवलं तरी नको. गाडी जळली की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो आणि घरी जातो. तुमच्या गावाची सुटका इतकी सोपी आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. आजोळच्या जीपचं शेवटी काय झालं तेवढं सांगतो.

सावकार वारला. मुलांना जीप नको होती, त्यांनी ती विकली. घेणारा पंचक्रोशीतलाच, लग्नाच्या मांडवाचं सामान भाड्यानं देणारा. चांगला माणूस, हसतमुख. त्यानं नवं हूड चढवलं, मागे खांब आणि कनाती रचल्या आणि धंदा सुरू केला. दोन वर्षांनी धाकट्या मावशीचं लग्न ठरलं तेव्हा मांडव त्याच्याकडूनच सांगितला होता. हळदीच्या आदल्या संध्याकाळी पाव्हणे जमलेले, बायका ओवीवर, पोरं अंगणात. लांबच्या उतारावर इंजिनानं गिअर बदलला, एकदा गुरगुरलं आणि मग तेच क्षणभर काहीच नाही. मांडववाला येतोय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आजोबांनी चहाची कपबशी खाली ठेवली, सोप्यात गेले आणि चपला उचलायला लागले. लग्नघर होतं, तीस-चाळीस जोड तरी असतील. त्यांच्या दोन हातांत मावेनात. मोठी मावशी त्यांना अडवायला म्हणून उठली, सोप्यात आली, आणि मग काही न बोलता वाकून त्यांच्याबरोबर उचलायला लागली.